न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर: सोन्याचं राहू द्या, आतल्या मालाचं काय कळलं?

चांदणवेडी
ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे मेल्यानंतर उरलेले अतिदाट गाभे) एकमेकांवर आदळल्याचं गुरुत्वीय लहरींतून पकडलं गेलं, तेव्हा आपल्याकडे बहुतेकांनी एकच मथळा चालवला: सोनं कुठून येतं ते सापडलं. सराफ कट्ट्यावरचे विनोद काही दिवस फिरले आणि विषय मिटला. माझ्या मते सोनं ही जोडबातमी होती. मुख्य बातमी पानाच्या तळाशी गेली.

अणुकेंद्राच्या आत जी घनता असते त्या घनतेचा एक घनसेंटीमीटर माल साधारण २७ कोटी टन भरेल. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात घनता त्याच्याही काही पट. एवढ्या दाबाखाली पदार्थ कसा वागतो हे पृथ्वीवर थेट बघायची सोय नाही, म्हणून टक्कर महत्त्वाची, इथवर मला कळतं. अडतंय ते पुढे. लायगोने, म्हणजे अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या दोन यंत्रांनी, पकडलं ते शंभरेक सेकंदांचं कंपन. त्यावरून ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास निघाली म्हणतात. पण त्रिज्या कळली म्हणजे आत काय भरलंय ते कळलं का? की माप तेवढं खरं आणि बाकीचं ज्याने त्याने आपल्या आवडीनं भरलंय?

जाणकारांनी लिहावं. फक्त 'चमचाभर पदार्थाचं वजन अमुक इतके हत्ती' हे नको, ते सगळ्यांना पाठ आहे.

टवाळ टोणगा
आफ्रिकेतले हत्ती की केरळातले? हलके घ्या. वाचनखूण साठवली आहे, मास्तरांची वाट बघतोय.

निवृत्त मास्तर
आलो. टोणग्या, तू मागच्या बाकावर बस.

चांदणवेडीताई, त्रिज्या काही कोणी फूटपट्टी लावून मोजलेली नाही. लहरीतून थेट कळतं ते वेगळंच: तारा किती दबतो, किती ताणला जातो.

घटना अशी. लायगोच्या कानाच्या टप्प्यात ती लहर आली तेव्हा तिची वारंवारता होती २४ हर्ट्झ. हिशोब करून बघा, दोघांत अंतर उरलं होतं सुमारे ४०० किलोमीटर. तिथून टकरीपर्यंत शंभर सेकंद आणि लहरीची जवळजवळ ३००० आवर्तनं. यातल्या बहुतेक आवर्तनांत तारे हे दोन बिंदू धरले तरी गणित तंतोतंत जुळतं. म्हणजे तेवढ्या भागातून वस्तुमान कळतं (दोघांचं मिळून सूर्याच्या २.७४ पट), आतलं काही कळत नाही. वारंवारता ६०० हर्ट्झच्या वर गेली की अंतर पन्नास किलोमीटरच्या आत येतं. आता प्रत्येक तारा दुसऱ्याच्या ओढीनं लांबुडका व्हायला लागतो. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तीच ही भरती, फक्त इथे अख्खा तारा फुगतो. फुगवायला लागणारी ऊर्जा कक्षेतून जाते, शिवाय फुगलेले तारे स्वतःही जास्त लहरी सोडतात. परिणाम एकच: दोघे बिंदू असते तर जेव्हा आदळले असते त्याच्या थोडं आधीच आदळतात. हे 'थोडं आधी' म्हणजे शेवटच्या आवर्तनांतली पुढेमागे झालेली चाल. मोजलं गेलं ते हेच.

आता गंमत बघा. ताऱ्याचं हे ताणलं जाणं त्रिज्येच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. त्यामुळे ताण अगदी ढोबळ मोजला तरी त्रिज्या बऱ्यापैकी नेमकी निघते. पहिल्या शोधनिबंधात फक्त वरची मर्यादा होती, तारे याहून जास्त ताणले जात नाहीत एवढीच. २०१८ मध्ये लायगो आणि इटलीतलं तसलंच यंत्र व्हर्गो यांच्या गटानं पुन्हा सगळं मोजून ११.९ किलोमीटर, अधिक-उणे १.४, असा आकडा दिला. त्यात दोन्ही ताऱ्यांचा माल एकाच नियमानं वागतो आणि तो नियम सूर्याच्या दोनपटीहून थोडा हलका ताराही पेलू शकतो, अशा अटी धरल्या होत्या.

पुणेरी पाटी
मास्तर, सुंदर. पण शेवटचं वाक्य तुम्ही हळूच घातलंत. अट धरली आणि त्रिज्या निघाली, असं आहे होय!

शंकासुर
पाटीशी सहमत. मी तर पुढे जाऊन म्हणतो, मॉडेल घालायचं आणि मॉडेलच बाहेर काढायचं. त्यात लुइझियानातल्या लिव्हिंगस्टनच्या यंत्रात टकरीच्या जेमतेम १.१ सेकंद आधी मोठा खरखराट झाला होता. म्हणजे ज्या शेवटच्या भागातून तुमची भरती मोजायची नेमका त्याच्याच तोंडाशी कचरा. तो पुसला आणि मग त्रिज्या काढली. असा निकाल एखाद्या विद्यार्थ्यानं आणला असता तर मास्तरांनी वही भिरकावली असती.

निवृत्त मास्तर
वह्या मी भिरकावल्या आहेत, नाकारत नाही. पण खरखराटाचं तुम्ही वाढवून सांगताय. तो पाव सेकंदाहूनही कमी होता, त्याचा आकार स्वतंत्रपणे ओळखता येतो, आणि लहरीची वाट आधीच माहीत असल्यामुळे तो वेगळा काढता आला. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या यंत्रात तसलं काही नव्हतं. भरतीचा परिणाम टकरीच्या तोंडाशी, अगदी शेवटच्या क्षणांत दिसतो, १.१ सेकंद आधी नाही.

अटींचं म्हणाल तर सूर्याच्या दोनपट ताऱ्याची अट हवेतून आलेली नाही. २०१० मध्ये १.९७ सौर वस्तुमानाचा पल्सार (फिरताना लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) नीट मोजला गेला. त्याच्या साथीदाराजवळून येताना रेडिओ स्पंद उशिरा पोचतात, त्या उशिरावरून. पुढे २.०८ चाही सापडला. असे तारे आहेत म्हटल्यावर पदार्थ फार मऊ असून चालतच नाही, तारा कोसळून कृष्णविवर झाला असता. टकरीनं उलट बाजूनं सांगितलं की फार कडकही नाही: कडक पदार्थाचा तारा मोठा होतो आणि जास्त ताणला जातो, तेवढा ताण दिसला नाही. दोन्हीकडून चिमटा बसला.

डार्मस्टाटकर
मास्तरांना दंडवत. मी इथे जर्मनीत अणुकेंद्रांच्या प्रयोगांच्या आसपास नोकरी करतो, लहरींचा माणूस नाही, तेव्हा माझ्या बाजूनं लिहितो.

चांदणवेडींच्या प्रश्नात जी मेख आहे तिला आमच्याकडे 'इक्वेशन ऑफ स्टेट' म्हणतात. किती घनतेला किती दाब, बस्स एवढाच आलेख. तारा किती मोठा, किती ताणला जाणारा, जास्तीत जास्त किती जड, हे सगळं त्या एका रेषेवर ठरतं. मास्तरांनी सांगितलेल्या निबंधात त्रिज्येबरोबर अणुकेंद्राच्या दुप्पट घनतेला दाब किती तेही काढलं होतं. आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३५ वर २७ शून्यं इतक्या पट.

पुस्तकांत असतं की न्यूट्रॉन तारा 'न्यूट्रॉनांच्या डीजनरसी दाबावर' उभा असतो, म्हणजे दोन न्यूट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत म्हणून जो दाब येतो त्यावर. हे अर्धवट आहे, आणि मला त्याचा जुना राग आहे. ओपनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी १९३९ मध्ये नेमकं तेवढंच धरून हिशोब केला होता: एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले न्यूट्रॉन. तर मर्यादा आली ०.७ सौर वस्तुमान. प्रत्यक्षात तारे त्याच्या तिप्पट जड सापडतात. म्हणजे छत तोलून धरलंय ते न्यूट्रॉनांमधल्या तीव्र बलानं, अगदी जवळ आल्यावर ते एकमेकांना जे ढकलतात त्यानं. आणि हे ढकलणं तीन-चार पट घनतेला कसं असतं ते कोणालाही पहिल्या तत्त्वांपासून काढता येत नाही. समीकरणं माहीत आहेत, सुटत नाहीत.

सुगरण नसलेली
मी विज्ञानातली नाही, पण वाचतेय. म्हणजे हे बाजारात कलिंगडाला टिचकी मारून बघण्यासारखं झालं ना? कापायचं नाही, आवाजावरून आत कसं आहे ते ओळखायचं.

डार्मस्टाटकर
ताई, उपमा तुम्ही समजताय त्यापेक्षा जास्त बरोबर आहे, पण अजून टिचकीचा आवाज ऐकू आलेलाच नाही! आतापर्यंत नुसतं दाबून बघितलंय. आदळल्यावर जो एकत्र गोळा होतो तो क्षणभर खरोखर वाजतो, २ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान. त्या सुरावरून गाभ्यातल्या सगळ्यात दाट भागाची परीक्षा होईल. २०१७ ला लायगोवाल्यांनी तो सूर शोधला, मिळाला नाही. इतक्या वरच्या पट्टीला यंत्रांचा कान अधू आहे.

टवाळ टोणगा
आमच्या मंडईतला विक्रेता टिचकीही मारू देत नाही. घ्यायचं तर घ्या म्हणतो.

शंकासुर
डार्मस्टाटकर, तुम्ही प्रयोगवाले आहात तर मग हे सांगा. एवढे कोलायडर बांधलेत ना? जिनिव्हात तर प्रोटॉन आणि शिशाची केंद्रं आपटतात. मग १३ कोटी प्रकाशवर्षं दूर कान लावून बसायची गरज काय?

डार्मस्टाटकर
चांगला प्रश्न आहे. जिनिव्हात जे तयार होतं ते भयंकर गरम, पण त्यात पदार्थ आणि प्रतिपदार्थ जवळपास सारखेच. आपल्याला हवा आहे दाट, न्यूट्रॉनांनी ठासून भरलेला आणि त्या मानानं थंड माल. तो इथे बनत नाही. त्यातल्या त्यात जवळ जातो तो आमच्या गावातला हेडिस नावाचा प्रयोग. (होय, शंकासुर, त्यातही सोनंच आपटतात, सोन्याची केंद्रं सोन्यावर.) २०१९ मध्ये त्यांनी मोजलं की त्या ठिणगीचं तापमान सुमारे ८०,००० कोटी अंश आणि घनता केंद्राच्या काही पट. टकरीनंतरच्या गोळ्यात हीच साधारण परिस्थिती असते. पण सोन्याच्या केंद्रात न्यूट्रॉन-प्रोटॉन ३ ला २, ताऱ्यात न्यूट्रॉनांचा भरणा कितीतरी जास्त. हा फरक भरून काढायला पुन्हा सिद्धांत लागतो.

आणि एक गमतीशीर मार्ग आहे. शिशाच्या केंद्राभोवती न्यूट्रॉनांची पातळ साय असते. ती किती जाड, हे ठरवणारा दाब आणि न्यूट्रॉन ताऱ्याला फुगवून ठेवणारा दाब एकाच कुळातले. म्हणजे एका केंद्राचं माप आणि त्याच्या अब्ज-अब्ज पट मोठ्या ताऱ्याचं माप एकाच रेषेवरून निघतं. व्हर्जिनियातल्या जेफर्सन लॅबनं २०२१ मध्ये ही साय मोजली तर ०.२८ फेमटोमीटर (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग) भरली, अपेक्षेपेक्षा जाड. म्हणजे तारा मोठा हवा. टकरीचा कल लहान ताऱ्याकडे. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी कॅल्शियमची साय मोजली, ती बारीक निघाली. आता आमच्या कँटीनमध्ये यावरून दोन तट आहेत. दोन्ही मापांच्या चुकीचा पल्ला मोठा आहे, म्हणून अजून हाणामारीपर्यंत गेलेलं नाही.

औंढेकर
आमच्याकडे या गोष्टी कोणी साध्या भाषेत सांगत नाही म्हणून हा धागा घरच्यांना वाचून दाखवला. मी औंढा नागनाथ तालुक्यातला. आमच्या इथे लायगो-इंडिया होणार, २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. गावात अजून निम्म्यांना वाटतं दुर्बीण येणार आहे, वरून डोळा लावला की ग्रह दिसतील. उरलेल्यांना वाटतं मोठी कंपनी येणार, पोरं लागतील. आमचे काका विचारत होते, यंत्राला आवाज चालत नाही म्हणता, मग महाशिवरात्रीची यात्रा बंद करणार का?

खोडदची वाट
काकांना सांगा, यात्रा कोणी बंद करत नाही. यंत्राला जमिनीची थरथर सोसत नाही हे खरं, म्हणून तर देशभर शोधून जागा ठरवली. आरसे अनेक पदरी टांगणीवर लटकवतात.

धाग्यात आपल्या मातीचं नाव आलंच आहे तर दोन गोष्टी जोडतो. लहर गोंगाटातून ओळखायची तर हजारो अपेक्षित लहरी तयार ठेवून एकेक ताडून बघावी लागते. ही पद्धत न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरांच्या जोड्यांसाठी बसवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं १९९१ पासूनचं काम पायाभूत आहे. आणि आमच्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं २०१७ च्या टकरीनंतर महिनोन्‌महिने त्या जागेकडे तोंड करून रेडिओ लहरी टिपल्या. उडालेल्या झोताची दिशा आणि वेग काढण्यात ती मापं कामाला आली. आम्ही लहानपणापासून त्या थाळ्या बघतोय, त्यातली एक थाळी कधी न्यूट्रॉन ताऱ्याच्या राखेकडे बघत असेल असं वाटलं नव्हतं.

पुणेरी पाटी
अवांतर: जीएमआरटीजवळ मोबाइल बंद ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि लोक त्याच पाटीसमोर सेल्फी काढतात.

चांदणवेडी
धागा भरकटतोय पण मजा येतेय. डार्मस्टाटकरांनी सोन्याचं नाव काढलं म्हणून विचारते: तो जो प्रकाश दिसला, किलोनोव्हा, त्यातून आतल्या मालाबद्दल काही कळतं का? की तो फक्त बाहेर उडालेल्या कचऱ्याचा?

निवृत्त मास्तर
उडालेल्या मालाचाच, पण तो किती उडाला हेच बोलकं आहे. सूर्याच्या साधारण ५ टक्के वस्तुमान बाहेर फेकलं गेलं. पृथ्वीच्या भाषेत सोळा हजारांहून जास्त पृथ्व्या. पहिले दोन दिवस प्रकाश निळा, मग तांबडा होत गेला, कारण लँथनाइडसारखी जड मूलद्रव्यं निळा प्रकाश गिळतात. २०१९ मध्ये त्याच वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखलं गेलं.

आता मुद्दा. पदार्थ फार मऊ असता तर दोघे भिडताक्षणी कृष्णविवर झालं असतं आणि एवढा माल बाहेर पडायला वेळच मिळाला नसता. उलट फार कडक असता तर जन्मलेला जड गोळा दीर्घकाळ टिकला असता, आणि त्याच्या फिरण्यातली अफाट ऊर्जा स्फोटात उतरलेली दिसली असती. तशी दिसली नाही. म्हणून बहुतेकांचं मत असं की गोळा थोडा वेळ तगला आणि मग कोसळला. यावरून न फिरणारा न्यूट्रॉन तारा जास्तीत जास्त २.२ सौर वस्तुमानाच्या आसपास असावा असा अंदाज काहींनी बांधला. हा भाग त्रिज्येइतका भक्कम नाही, हे शंकासुरांनी म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

शंकासुर
मास्तर माझं काम करायला लागले. बरं, मग न्यूट्रॉन-प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कचं काय? दर वर्षी बातमी येते, न्यूट्रॉन ताऱ्यात क्वार्कचा गाभा सापडला. सापडला का?

डार्मस्टाटकर
सापडला असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. २०२० मध्ये फिनलंडच्या गटानं टकरीची मर्यादा आणि जड पल्सार एकत्र घेऊन दाखवलं की सर्वांत जड ताऱ्यांच्या गाभ्यातला माल मोकळ्या क्वार्कांसारखा वागत असावा. युक्तिवाद चांगला आहे. पण दाबाच्या आलेखाला घटक दिसत नाहीत. न्यूट्रॉनांचा माल आणि क्वार्कांचा माल एकाच रेषेवरून चालू शकतात, मग त्रिज्या सारखी, ताण सारखा, तुम्ही ओळखणार कसे? त्यात हायपेरॉनचं, म्हणजे न्यूट्रॉनच्या जड भाऊबंदांचं, त्रांगडं आहे. दाट मालात काही न्यूट्रॉनांनी हायपेरॉन व्हावं असं गणित सांगतं. ते झाले की पदार्थ मऊ होतो आणि दोन सौर वस्तुमानाचे तारे उभे राहत नाहीत. तारे तर उभे आहेत. तीस-चाळीस निबंध वाचून झाले, माझं अजून कुठल्याच बाजूला मत पडत नाही.

सुगरण नसलेली
माझी टिचकी आली तर हे सुटेल का?

डार्मस्टाटकर
बऱ्यापैकी. शांत तारा एका रेषेवर आणि टकरीनंतरचा जास्त दाट, गरम गोळा दुसऱ्याच सुरात, असं दिसलं तर मधे कुठेतरी माल बदलला असं म्हणायला जागा होईल. ते दिसायला जवळची टक्कर हवी किंवा मोठं यंत्र. २०१९ च्या एप्रिलमध्ये दुसरी मिळाली होती, दोघांचं मिळून ३.४ सौर वस्तुमान. पण ती पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे, त्या वेळी हॅनफर्ड बंद, प्रकाश काहीच दिसला नाही, आणि तारे जड असले की ते कमी ताणले जातात. तिच्यातून मालाबद्दल फारसं हाती लागलं नाही. लहरी आणि प्रकाश दोन्हींतून पकडलेली टक्कर आजवर तीच एक, २०१७ ची.

चांदणवेडी
मग माझ्या प्रश्नाचं उत्तर असं लिहून ठेवते: दाब-घनतेची रेषा अरुंद पट्ट्यात आली, घटक अजून झाकलेले. पण पट्टा अरुंद केला त्याचं श्रेय एका टकरीला द्यायचं का? अंतराळ स्थानकावरच्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीनं पण त्रिज्या मोजल्यात ना?

निवृत्त मास्तर
मोजल्यात, आणि ते बरं झालं, कारण पद्धत पूर्ण वेगळी. पल्सारच्या अंगावरचे तापलेले ठिपके फिरताना क्ष-किरणांची चमक कशी कमीजास्त होते ते बघायचं. ताऱ्याचं गुरुत्व प्रकाश वाकवतं, त्यामुळे पाठीमागचा ठिपकाही थोडा दिसतो, आणि त्या वाकण्यावरून त्रिज्या. २०१९ मध्ये पहिल्या ताऱ्याची आली १३ च्या जवळपास, २०२४ मध्ये आणखी एका जवळच्या ताऱ्याची ११.४ च्या आसपास. पहिला आकडा टकरीच्या पट्ट्यात वरच्या टोकाला, दुसरा खालच्या बाजूला. शंकासुर, यात मॉडेल आहेच, पण लहरींचं मॉडेल आणि ठिपक्यांचं मॉडेल एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी एकाच गल्लीत येऊन थांबतात.

शंकासुर
हे मान्य. लेखी मान्य करतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

टवाळ टोणगा
काढला. फ्रेम करून लावणार.

औंढेकर
आमचं यंत्र चालू झालं की ही टिचकी ऐकू येईल का? काकांना काय सांगू?

खोडदची वाट
प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वरच्या सुरासाठी औंढा पुरेसं नाही. तिथले बाहूही ४ किलोमीटरचेच असणार, अमेरिकेतल्या यंत्रांसारखे. सुरासाठी पुढच्या पिढीचं बघावं लागेल, युरोपातलं जमिनीखालचं आइनस्टाइन टेलिस्कोप किंवा अमेरिकेतलं ४० किलोमीटर बाहूंचं कॉस्मिक एक्स्प्लोरर. दोन्ही अजून कागदावर.

पण औंढ्याचं काम दुसरं आहे, आणि ते या धाग्याच्या विषयाला थेट लागतं. २०१७ ला टक्कर झाली भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी. इटलीतलं व्हर्गो त्याच महिन्यात जोडलं गेलं होतं, म्हणून जागा तरी ठरवता आली. तरीही लिव्हिंगस्टनचा तो खरखराट निस्तरून तिन्ही यंत्रांचा नकाशा दुर्बीणवाल्यांच्या हाती पडेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. टक्कर जिच्यात झाली ती वासुकी तारकासमूहातली दीर्घिका आपल्या क्षितिजाखाली केव्हाच गेली होती. चिलीत अंधार पडल्यावर स्वोप दुर्बिणीनं ती चमक टिपली, टकरीनंतर जवळजवळ ११ तासांनी. त्या ११ तासांतला दृश्य प्रकाश कोणीच पाहिलेला नाही, आणि निळा भाग नेमका कशानं पेटला हे त्या सुरुवातीच्या तासांवरूनच ठरलं असतं. आणखी एक यंत्र पृथ्वीच्या या बाजूला असलं की जागा पटकन आणि बारीक सापडते. त्या संध्याकाळी नकाशा वेळेत मिळाला असता तर मावळायच्या आधी आपल्याच देशातून बघता आली असती.

पुणेरी पाटी
ऑगस्टात? ढगातून?

खोडदची वाट
लडाखमधल्या हनलेहून. तिथे मान्सून फारसा पोचत नाही.